कांद्याची पात

नमस्कार श्रोतेहो.

लाओसच्या दक्षिणेला, मेकाँगच्या काठी पाक्से नावाचं शहर आहे. तिथून पूर्वेला निघालं की रस्ता हळूहळू चढत जातो, आणि पन्नासेक किलोमीटरवर पाकसाँग येईपर्यंत स्वेटर शोधावा लागतो. हे बोलावेनचं पठार. बोलावेन म्हणजे लावेन लोकांचा मुलूख. जमीन ज्वालामुखीची, आपल्या सह्याद्रीसारखीच बेसॉल्टची. माती इतकी लाल की माझे पांढरे बूट पहिल्याच दिवशी कामातून गेले. फ्रेंचांनी १९२०च्या दशकात इथे कॉफी लावली. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॉफीच कॉफी, आणि घरोघरी अंगणात वाळत घातलेल्या बिया.

एका बागेत फोटोसाठी मी पायवाट सोडून दोन पावलं आत गेलो. वाटाड्यानं दंडाला धरून मागे ओढलं. म्हणाला, "बॉम्बी."

बॉम्बी म्हणजे क्लस्टर बॉम्बच्या पोटातला लहान बॉम्ब. चेंडूएवढा असतो, म्हणून पोरं उचलतात. व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनाम दक्षिणेकडे माणसं आणि रसद पाठवायचा ती वाट, हो ची मिन्ह मार्ग, याच भागातून जायची. ती तोडण्यासाठी आणि लाओसमधल्या यादवीत कम्युनिस्टांना रोखण्यासाठी अमेरिकेनं १९६४ ते १९७३ या काळात या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. हिशेब केला तर नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक विमानभर. म्हणजे तुम्ही चहाचं आधण ठेवून, गाळून, पिऊन कप विसळेपर्यंत एक. बॉम्बी सुमारे २७ कोटी पडल्या, त्यातल्या आठेक कोटी फुटल्याच नाहीत. त्या मातीत आहेत. कुदळ लागली तर फुटतात, वर शेकोटी पेटवली तर उष्णतेनंही फुटतात. चांगली जमीन समोर दिसत असते, पण आधी यंत्रानं तपासून घेतल्याशिवाय तिच्यात कुदळ घालायची छाती होत नाही.

ज्या बाईंच्या घरी उतरलो होतो, त्यांनी ग्लासाच्या तळाशी गोड घट्ट दूध ओतून वरून काळीकुट्ट कॉफी दिली. (ढवळायची घाई करू नका, आधी वरची कडू प्या.) परसात माणसाएवढं लांब लोखंडी टरफल चार खांबांवर आडवं ठेवलेलं होतं. मधोमध उभं चिरलेलं, मातीनं भरलेलं. क्लस्टर बॉम्बचं. आता त्यात कांद्याची पात लावलेली. कोंबड्या पोचू नयेत म्हणून उंचावर, असं बाई म्हणाल्या. त्यांनी विळीनं मूठभर पात कापली आणि रश्शात टाकली.