तुकड्यांचा पत्ता कुणाकडे?

[दृश्य: सर्व्हर रूम. रॅकवर आठ सर्व्हर, पोर्टचे हिरवे दिवे.]

१ टेराबाइटची एक फाइल या आठ सर्व्हरवर तुकड्यातुकड्यांत पसरलेली आहे. प्रत्येकाची नेटवर्क जोडणी १० गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर सव्वा गिगाबाइट. वाचणाऱ्या मशीनची जोडणी १०० गिगाबिटची. फाइल वाचायला किती वेळ लागेल? कागदावरचा हिशोब सांगतो: 'क्लस्टर्ड' मांडणीत १३ मिनिटं, 'पॅरलल' मांडणीत पावणेदोन मिनिटंसुद्धा नाहीत. यंत्रसामग्री तीच.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरायची पद्धत, आणली, तेव्हा प्रश्न सोपा होता. सर्व्हर एकच, त्यामुळे फाइल कुठे आहे हे विचारायची गरजच नव्हती. पुढे एक सर्व्हर पुरेना.

[दृश्य: आठपैकी एका सर्व्हरकडे जाणारी एकच रेघ.]

ही क्लस्टर्ड मांडणी. आठही नोड, म्हणजे सर्व्हर, मिळून बाहेरून एकच फोल्डर दिसतो. क्लायंटने, म्हणजे फाइल वाचणाऱ्या मशीनने, तो फोल्डर नेहमीसारखा माउंट करायचा, म्हणजे आपल्याकडे जोडून घ्यायचा, वेगळं काही टाकायचं नाही. पण त्याची गाठ एकाच नोडशी. तो नोड इतरांकडून तुकडे गोळा करतो आणि आपल्याच दारातून बाहेर देतो. शेकडो जण आपापल्या फाइली मागत असतील तर गर्दी आठ दारांत वाटली जाते, आणि ऑफिसच्या कामाला याहून जास्त काही लागत नाही, असं माझं मत. एकट्याला अजस्र फाइल हवी असली, की मात्र ती १३ मिनिटं.

[दृश्य: आठ रेघा.]

पॅरलल मांडणीत पत्ता क्लायंटच्याच हातात येतो. लस्टर या पॅरलल फाइल सिस्टिममध्ये तो आधी मेटाडेटा सर्व्हरला, म्हणजे फाइलींची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला, विचारतो, तुकडे कुठे आहेत? नकाशा मिळाला की आठही सर्व्हरशी थेट बोलतो. सुपरकॉम्प्युटरवर लस्टर किंवा आयबीएमचं तशाच प्रकारचं जीपीएफएस दिसतं, ते यासाठी. एनएफएसनेही २०१० च्या ४.१ आवृत्तीत पीएनएफएस नावाने हाच मार्ग खुला केला.

किंमत? क्लायंटवर खास सॉफ्टवेअर, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बदलला की त्याची डोकेदुखी. आणि लहान फाइलींचा जाच. लस्टरच्या मूळ रचनेत नावं मेटाडेटा सर्व्हरवर, पण फाइलचा आकार कळतो तुकडे सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून. लाखभर चिमुकल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये यादी मागणारी 'एलएस' ही आज्ञा नुसती दिली तर नावांची यादी येते. आकारासकट यादी मागणारं 'एलएस डॅश एल' दिलं, की एकेका फाइलची चौकशी सुरू. त्यावर पुढे उपाय निघाले, तरी सवयीचे लोक अजून ते टाइप करताना बिचकतात.

माहितीपत्रकात दोन्हींना 'स्केल-आउट', म्हणजे सर्व्हर जोडत वाढवता येणारी मांडणी, असंच म्हणतात. त्यामुळे विकत घेण्याआधी एकाच मशीनवरून एक मोठी फाइल वाचायला लावा, आणि सर्व्हरच्या क्लायंटकडच्या पोर्टकडे बघत उभे राहा.

[दृश्य: पोर्टचे दिवे. एकच लुकलुकतो. कट. आठही लुकलुकतात.]