मानस: भाताचं आणि माशांचं एकच दार

दिवाडी बेटावरचा हा बांध. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला भातशेत. नीट पाहा: भरतीच्या पाण्यापेक्षा शेत खाली आहे. उधाणाला नदी सुमारे 2 मीटर चढते आणि खारं पाणी अडवायला मध्ये असतो तो चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा हा बांध. अशा जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या काठांनी अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन गावकऱ्यांनी शतकानुशतकं राबून खाऱ्या पाण्याकडून मिळवली. उकड्या तांदळाचा भात, हुमणातली (माशांच्या कालवणातली) सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि चवीपुरतं मीठ, तिन्ही या एकाच पाण्यावर पिकत आली.

बांधात चिऱ्यांनी बांधलेलं हे दार म्हणजे मानस. तिची लाकडी फळी नदीच्या बाजूलाच उघडते. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, तेव्हा फळी चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला नदी उतरली की आतलं पाणी फळीला बाहेर ढकलतं आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर, त्यामुळे बहुतेक दिवशी दार दोनदा उघडतं, दोनदा मिटतं. मोटर लागत नाही. फळी झिजली, चौकटीत काटकी अडकली किंवा खेकड्यांनी बांधाला भोकं पाडली, तर मात्र खारं पाणी गुपचूप आत झिरपतं. म्हणून दर उधाणाला कुणीतरी बांधावरून चालत जाऊन पाहायलाच हवं.

मानशीच्या आत पोंय असते, खोलगट जागा आणि तिला जोडलेले पाट. फळी थोडा वेळ उचलून मोजकं खारं पाणी मुद्दाम इथे घेतात. त्याबरोबर सुंगटं, शेवटे आणि चोणक हे मासे, कुर्ल्या म्हणजे खेकडे, यांची पिल्लं येतात आणि वाढतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी पिशवीसारखं जाळं लावलं की मासळी त्यात येते. पोंयीतलं पाणी शेतात चढू न देणं, सगळं कसब यात आहे.

आता भात. मे महिन्यात या जमिनीवर मिठाचा पांढुरका थर दिसतो. पहिल्या सरी आल्या म्हणून लगेच पेरायचं नसतं. पावसाचं पाणी शेतात साठवायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला मानशीतून सोडायचं; पुन्हा साठवायचं, पुन्हा सोडायचं. मातीची क्षारता 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या (खारटपणा मोजायचं एकक) वर गेली की साधारण भाताचं उत्पन्न घटू लागतं, पुढच्या दर एककाला सुमारे 12 टक्के. म्हणून इथे कोरगुट लावतात. खारटपणा सोसणारा हा गावठी वाण मोड आणून पेरतात. जुने गोवे इथल्या कृषी संशोधन संस्थेनं कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान 1’ आणि ‘गोवा धान 2’ हे वाण दिले.

बिघडतं कुठे? पूर्वी बांधांची देखभाल गावकारी, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी ग्रामसंस्था, करायची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती हळूहळू कूळ संघांकडे गेली. मानशीतल्या मासेमारीचा लिलाव होतो. सुंगटांना आणि कुर्ल्यांना जो भाव मिळतो तो भाताला मिळत नाही, आणि लिलाव घेणाऱ्याला जास्त मासळी हवी असते. मग पाणी आत येत राहावं म्हणून फळी उचलून ठेवली जाते. खारं पाणी पोंय ओलांडून शेतात पसरतं. शेतकरी एक हंगाम सोडतो, मग दुसरा. पीक नाही, म्हणून बांधाकडे कुणी जात नाही. नदीतल्या बार्जांच्या लाटा आधीच बांध खात असतात. एका उधाणाला खिंडार पडतं. खिंडार तसंच राहिलं तर काही वर्षांत शेतात खारफुटी उभी राहते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, ते असायलाच हवं. पण तिथे पुन्हा भात लावणं जवळपास अशक्य होतं. पोंयीला आकारच उरला नाही की मानशीची मासळीही जाते, हे लिलावाच्या वेळी कुणी मोजत नाही. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांची वेगळी नोंद आहे. फळी कुणी आणि किती वेळ उघडायची, हे मात्र रोज बांधावरच ठरतं.

स्वयंपाकघरातून याला हातभार लावता येतो. बाजारात खाजनातला उकडा कोरगुट मागा. दाणा जाड, तांबूस. अर्धा तास भिजवा, तांदळाच्या चौपट पाण्यात मंद आचेवर शिजवा, वरचं पाणी गाळून पेजेला ठेवा. पांढऱ्या तांदळाच्या बेतानं पाणी घातलंत तर दाणा आतून कच्चा राहतो, आणि उकडा आवडत नाही म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं. तळहातापेक्षा लहान कुर्ली घेऊ नका, तिनं बहुधा एकदाही अंडी घातलेली नसतात. आणि मानशीची सुंगटं म्हणून कुणी वाटा पुढे केला, तर भाव विचारण्याआधी एवढं विचारा: त्या मानशीमागे यंदा भात लावलं होतं का?