काट्यावरचा आकडा संगणकात शिरतो कसा?

[दृश्य: जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग]

हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा. दिवाळी झाली की जिनिंगपुढे अशी रांग लागते. "बंडी पुढे घे न बाप्पा!" काट्यावरचा पोरगा ओरडतो. लाल आकडे नाचतात, स्थिरावतात. तोच आकडा आतल्या संगणकावर उमटतो आणि पावती निघते.

[दृश्य: इंडिकेटरमागची वायर, यूएसबी कन्व्हर्टर]

या संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. काट्याची वायर संगणकाला जोडणारा कन्व्हर्टर यूएसबीत खोचला की त्यातल्या चिपचं मॉड्यूल, म्हणजे ती चिप चालवणारा ड्रायव्हर, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, चढतं, इथे 'सीएच-३४१'. 'एलएसमॉड' कमांड दिली की यादीत दिसतं. पण पावतीचा प्रोग्राम या मॉड्यूलला थेट हाक मारू शकत नाही. कर्नलच्या मेमरीला हात लावायला गेला, तर प्रोसेसरच अडवतो आणि प्रोग्राम जागीच बंद पडतो.

मग बोलणं होतं ते फाइलीतून. 'डेव्ह' फोल्डरात 'टीटीवाय-यूएसबी-शून्य' नावाची फाइल उगवते. वजनाचा एक आकडाही तिच्यात साठत नाही. तिच्यावर दोन क्रमांक असतात: मेजर १८८, म्हणजे यूएसबी-सिरियल, मायनर, म्हणजे त्यातलं कितवं यंत्र. प्रोग्राम 'ओपन' म्हणतो, प्रोसेसर कर्नल-मोडमध्ये, म्हणजे कर्नलच्या अधिकारात, जातो, आणि कर्नल क्रमांक पाहून काम नेमक्या ड्रायव्हरकडे लावतो.

आकडे येण्याचा वेग ठरवायचा, समजा सेकंदाला ९६०० बिट, तर वाचायचा 'रीड' आणि लिहायचा 'राइट' पुरत नाहीत. त्यासाठी 'आयओ-कंट्रोल', १९७९च्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमपासून चालत आलेला कॉल, म्हणजे कर्नलला घालायची हाक. जो तो ड्रायव्हर आपापले हुकूम त्यात कोंबतो. पसाराच आहे खरा, पण टाकून देता येत नाही.

[दृश्य: स्क्रीनवर थांबलेला कर्सर]

'रीड' केलं आणि काट्याकडून काही आलंच नाही, तर कर्नल प्रोग्रामला झोपवतो. बाइट आले की उठवतो. तेही असेच हातात देत नाही. प्रोग्रामने सांगितलेला मेमरीचा पत्ता त्याच्याच हद्दीतला आहे ना, हे पाहूनच तिथे नक्कल उतरवतो. एवढा संशय बरोबरच आहे. प्रोग्राम चुकला तर एक पावती अडते. कर्नलमध्ये चूक झाली तर अख्खा संगणक बसतो.

नव्या संगणकावर मात्र हमखास 'परमिशन डिनाइड', म्हणजे परवानगी नाही, असं येतं. वायर ठीक, मॉड्यूल ठीक. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात ती फाइल 'डायलआउट' गटाची असते आणि काटेवाल्याचं खातं त्या गटात नसतं. नाव घालायचं, लॉग-आउट होऊन परत यायचं, की फाइल बिनबोभाट उघडते.