टंक ठरवा बंदिशीच्या पानावर

मित्रहो, 'संगीतविषयक मासिकाचं मुखपृष्ठ आणि शीर्षकाचं अक्षर' असा विषय जाहीर झालाय आणि मुखपृष्ठाकडे मी येणारच आहे. पण आधी आतल्या एका पानाकडे चला. माझं ठाम मत आहे की अशा मासिकाचा टंक, म्हणजे छपाईच्या अक्षराचा फॉन्ट, बंदिशीच्या पानावर ठरवावा. मुखपृष्ठावर मोठ्या आकारात कुठलंही अक्षर शोभून दिसतं. स्वरलिपीत, म्हणजे स्वर खुणांनी लिहून दाखवताना, फार थोडी टिकतात.

स्वरलिपीची भातखंडे पद्धत तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकाला, खाली टिंब, वरच्या तारसप्तकाला वर टिंब, कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. स्वरांखाली बंदिशीचे शब्द, त्याखाली तालाच्या खुणा. आता देवनागरीत आधीच केवढी गर्दी! वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. त्यातच ही टिंबं आणि रेघा.

एका मासिकात मालकंस रागातली बंदिश छापून आली. मी हौसेनं पेटीवर काढायला बसलो. स्थायीतच, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागातच, मंद्र कोमल निषाद, म्हणजे 'नी'खाली रेघ आणि रेघेखाली टिंब. मजकूर पानात मावेना म्हणून ओळी जवळ ओढलेल्या. ते टिंब थेट खालच्या शब्दातल्या 'मे'च्या डोक्यावर जाऊन बसलं. 'मे'चा 'में' झाला आणि निषाद मंद्रातून उठून मध्य सप्तकात आला. एका टिंबानं शब्दही बिघडवला, सूरही! ज्याला मालकंस येतो तो सावरून घेईल. पण स्वरलिपी बघून शिकणारं पोर? ते बिचारं चुकीचंच घोकणार. मी संपादकांना कळवलं. उत्तर आलं, टंक देखणा आहे, वाचकांना आवडलाय. देखणा होताच तो, नाजूक शिरोरेषा, लांबलचक वेलांट्या. पण त्या उत्तराचा मला आजही संताप येतो. गाणाऱ्यासाठी छापलेलं पान गाता आलंच पाहिजे!

आणि हे फक्त ओळींच्या अंतराचं दुखणं नाही. संगणकावर कोमलाच्या रेघेसाठी आपण बहुधा वैदिक अनुदात्ताचं, म्हणजे वेदांच्या स्वरांसाठी अक्षराखाली देतात त्या आडव्या रेघेचं, चिन्ह वापरतो. कित्येक टंकांत ते नसतंच. मग दुसऱ्याच कुठल्या टंकातली रेघ उसनी येते, जाडजूड, अक्षराखालून सरकलेली. तिरप्या अक्षरांचंही तसंच. देवनागरी यंत्रानं नुसती कलंडवली की उभे दंड पडायला आल्यासारखे दिसतात. रागाचं नाव उठून दिसायला हवं तर ठळक करा, नाहीतर एकेरी अवतरणात घाला. यावर खरं तर वेगळं बोलायला हवं...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुखपृष्ठ, भराभर.

टंकाचा नमुना बघताना 'षड्ज', 'ललत', 'शंकरा', 'ॲकॉर्डियन', 'दुसऱ्या' हे शब्द लिहून बघा. जोडाक्षर, मराठी वळणाचे ल आणि श, सगळं तिथेच कळतं. 'तिरो देवनागरी मराठी' या टंकात हे वळण जपलंय. टंकाच्या एकाच कुटुंबात अक्षराच्या बऱ्याच जाड्या असाव्यात. 'मुक्ता' या टंकात ७ आहेत, त्यामुळे मथळ्यापासून छायाचित्राखालच्या ओळीपर्यंत एकच हात दिसतो. रोमन नावं देवनागरीशेजारी मोठी वाटतात, त्यांचा आकार किंचित उतरवा.

रॉकचा अंक म्हटला की वितळणारी अक्षरं हवीत असा आग्रह असतो. १९६६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत चित्रकार वेस विल्सननं मैफलींची तशी पोस्टरं केली आणि अप्रतिम केली. पण पोस्टर एका मैफलीचं असतं. मासिकाचं शीर्षक वर्षभर १२ वेगवेगळ्या छायाचित्रांवर बसतं. त्याला वळण हवं, सोंग नको. शास्त्रीय अंकावरच्या कुंचल्याच्या फटकाऱ्यांनाही मी हेच सांगेन.

शेवटचं. दोन-तीन टंक निवडून एकच बंदिश प्रत्येकात छापा, खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात. ती पानं पेटीवाल्यासमोर ठेवा आणि वाजवायला सांगा. तो जिथे डोळे बारीक करून पुढे वाकेल, तो टंक बाद.