लिलावातली झाडं

[न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय. चित्रावरून कॅमेरा खालून वर.]

खोडं मोजा. काठावर चार, पाण्यात चार. शेंडे कुठेच नाहीत, ते चौकटीबाहेर राहिलेत. मधली काठाची पट्टी हातानं झाकली, तर झाड कुठलं आणि प्रतिबिंब कुठलं, पटकन कळत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं हे चित्र १८९१ चं. नाव साधंच, 'चार झाडं'.

[एप्त नदी. पाणी.]

ही फ्रान्समधली एप्त. जिव्हेर्नीतल्या मोनेच्या घरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर. काठाचे पॉप्लर रानातले नव्हेत, लाकडासाठी लावलेले, भराभर वाढणारे. त्या उन्हाळ्यात लिमेत्झ गावानं ती रांग लिलावात काढली. मोनेची चित्रं अर्धवट होती. लिलाव पुढे ढकला म्हणून त्यानं गावच्या महापौरांना गळ घातली. ते ऐकेनात. मग त्यानं लाकडाच्या व्यापाऱ्यालाच गाठलं: तुमच्या हिशेबापेक्षा बोली वर गेली, तर वरचे पैसे मी देतो, पण माझं काम होईपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही.

[एदुआर मानेचं चित्र: होडीत बसून रंगवणारा मोने.]

ही होडी आधीची, आर्जांतई गावची. मानेनं १८७४ मध्ये रंगवलेली. मोनेच्या एप्तवरच्या होडीत खाचा होत्या आणि खाचांत ओळीनं कॅनव्हास. त्याच्या ओळखीतल्या चित्रकार लिला कॅबट पेरी यांनी लिहून ठेवलंय की, यातला एक उजेड फक्त सात मिनिटं टिकायचा. ठरलेल्या एका पानावरून ऊन सरकलं, की तो कॅनव्हास आत आणि पुढचा बाहेर. सात मिनिटांत काय होतं? चार-दोन फटकारे. उरलेलं दुसऱ्या दिवशी, तेच ऊन आलं तर.

[रंगाच्या थरांचा क्लोजअप. सावकाश.]

खोडं तपकिरी नाहीत. निळी आहेत, जांभळी आहेत. आपल्याकडे 'स्पॉटवर जाऊन करणं' म्हणतात ते हेच. मोबाइलमधल्या फोटोवरून लँडस्केप उतरवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आणि शेंडे का नाहीत, तेही होडीत बसलं की कळतं: पाण्याच्या पातळीवरून समोर बघणाऱ्याला खोडंच दिसतात.

अशी वीसच्या वर चित्रं झाली. १८९२ मध्ये त्यातली पंधरा चित्रविक्रेते द्युराँ-रुएल यांच्या पॅरिसमधल्या गॅलरीत लागली. झाडं व्यापाऱ्यानं नेली.

[पुन्हा 'चार झाडं'. निवेदन नाही. फक्त पाण्याचा आवाज.]