आधी बंद, मग चौकशी

(दृश्य : सकाळचे सव्वानऊ. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी. मागे महर्षी कर्वे रस्त्यावरचं आयकर भवन.)

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. १४,२९८. लाडकी बहीण योजनेचे पैसे घेतलेले हे पुरुष. दहा महिन्यांत त्यांच्या खात्यांत जवळपास २१ कोटी ४४ लाख रुपये गेले. लोकलच्या डब्यात, नाक्यावर, घरगुती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिकडेतिकडे हाच विषय. लोकांना राग आला आणि तो यायलाच हवा होता. बायकांसाठी ठेवलेला पैसा बाप्यांनी उचलायचा, ही चोरी आहे. ती वसूल झालीच पाहिजे.

त्याच सुमारास दुसरा आकडाही आला. २६ लाख ३४ हजार. महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं, की एवढे लाभार्थी निकषांत बसत नसल्याचं दिसतंय, म्हणून जूनपासून त्यांचा हप्ता तात्पुरता थांबवलाय. जिल्हाधिकारी पडताळणी करतील, आणि जे पात्र ठरतील त्यांचा हप्ता पुन्हा सुरू होईल.

म्हणजे हप्ता आधी थांबला. पडताळणी नंतर.

ही फिल्म त्या क्रमाबद्दल आहे. सरकारला कुणाचा संशय आला की आधी काय होतं आणि मग काय होतं, कुणाला किती वेळ मिळतो, याबद्दल.

(दृश्य : भांडुपच्या टेकडीवरची वस्ती. पायऱ्या. पाण्याचे निळे पिंप. अंगणवाडीच्या दारात बायका.)

योजना जाहीर झाली २०२४ च्या जूनअखेरीस, राज्याच्या अर्थसंकल्पात. महिना १,५०० रुपये. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालेल. फॉर्म भरायला झुंबड उडाली. काही दिवसांतच अटी सैल झाल्या. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागणार नाही, असं ठरलं. अंगणवाडी सेविकांनी रात्री जागून फॉर्म भरले, अर्जामागे ५० रुपये भत्ता जाहीर झाला होता. ऑगस्टमध्ये पहिले ३,००० रुपये खात्यात आले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. छाननी सुरू झाली त्यानंतर.

हा घटनाक्रम सरकारी नोंदीतलाच आहे. पैसे वाटताना कागद बघितले नाहीत आणि निवडणूक झाल्यावर बघितले, तर त्या गोंधळाची जबाबदारी फक्त फॉर्म भरणाऱ्या बाईवर टाकता येणार नाही.

आणि या छाननीत कोण सापडलं? फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख बायका अपात्र ठरल्या. त्यातल्या २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. १ लाख १० हजार जणींचं वय ६५ च्या वर होतं. म्हणजे अपात्र ठरलेल्यांत अर्ध्याहून जास्त एक तर निराधार, नाही तर म्हाताऱ्या. निराधार योजनेसाठी वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं, हे इथे लक्षात घ्या. दुसऱ्या बाजूला, सुमारे दोन लाख अर्जांच्या पडताळणीत २,२८९ सरकारी कर्मचारी निघाले. त्यांना महिन्याच्या महिन्याला पगाराची स्लिप मिळते, आपलं उत्पन्न किती हे त्यांना रुपयापर्यंत माहीत असतं. या दोघींना एकाच यादीत, एकाच शब्दाने ‘बोगस’ म्हणायचं का? मला ते पटत नाही.

(दृश्य : रेशन दुकान. ई-पॉस मशीनवर अंगठा. ठसा उमटत नाही. बाई पदराला अंगठा पुसून पुन्हा लावते.)

रेशनकडे बघू. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात शहरी भागातल्या कुटुंबाला प्राधान्य यादीत बसायचं असेल, तर वर्षाचं उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत लागतं. भागिले बारा केलं की महिन्याला ४,९१७ रुपये. अख्ख्या कुटुंबाचे.

आता मुंबईत धुणीभांडी करणारी बाई घ्या. दोन घरं धरली, एका घराचे ३,००० मिळाले, तर झाले ६,०००. वर्षाचे ७२,०००. नवऱ्याची एक दिवसाची मजुरी न धरताही ती मर्यादेबाहेर गेली. नियमाच्या भाषेत तिला माणशी पाच किलो धान्यावर हक्क नाही. हा नियम अक्षरशः लावला तर धारावीपासून मानखुर्दपर्यंत, राबून खाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराला खोटं उत्पन्न लिहावं लागेल, नाही तर उपाशी राहावं लागेल. सेतू केंद्राबाहेरच्या एजंटलाही हे ठाऊक असतं आणि आतल्या बाबूलाही. म्हणून दाखल्यावर आकडा बसवला जातो. बाई काउंटरवर सही करते, आणि त्या क्षणापासून ती कायद्याने खोटारडी ठरते.

ही मर्यादा आखणाऱ्यांना मुंबईतलं खोलीभाडं माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

(दृश्य : वरळीचा समुद्र. काचेचे टॉवर.)

आता याच शहरात, पाच-सात मैलांवर.

१९६१ च्या आयकर कायद्यात ५४ एफ नावाचं कलम आहे. शेअर किंवा दुसरी एखादी मालमत्ता विकून दीर्घ मुदतीचा नफा झाला, आणि त्या विक्रीची रक्कम राहत्या घरात गुंतवली, तर त्या नफ्यावर कर लागत नाही. हेतू चांगला होता. देशात घरांचा तुटवडा, लोकांनी घरं घ्यावीत, बांधावीत. पण घर केवढ्याचं, याला वरची मर्यादा नव्हती. दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तरी सवलत आणि समुद्राकाठी शंभर कोटींचं पेंटहाउस घेतलं तरी सवलत.

१ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारने स्वतःच लिहिलं, की अतिश्रीमंत करदाते अतिशय महागडी घरं घेऊन या कलमाखाली प्रचंड सवलत घेतायत आणि कलमाचा मूळ हेतूच हरवतोय. म्हणून १० कोटींची मर्यादा घातली. कधीपासून? १ एप्रिलपासून.

मधे दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत दक्षिण मुंबईत आणि वरळीत महागड्या घरांचे व्यवहार धडाधड झाले. त्याच फेब्रुवारीत वरळीच्या एका टॉवरमध्ये एका उद्योगपतीच्या कुटुंबीयांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून २८ फ्लॅट घेतले, १,२३८ कोटींना. तेव्हाच्या बातम्यांनी या सगळ्या घाईचा संबंध ३१ मार्चच्या तारखेशी जोडला. यात बेकायदेशीर काहीही नव्हतं. नियम बदलणार होता, आधी कळवलं होतं, मुदत दिली होती. ज्यांना फायदा घ्यायचा त्यांनी घेतला. कुणाचं नाव कुठल्या यादीत लागलं नाही. वॉचमनला विचारायला कुणी अंगणवाडी सेविका आली नाही, की साहेबांकडे गाड्या किती.

आणि १० कोटींची मर्यादा आली म्हणजे सवलत संपली असंही नाही. १० कोटींच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी कर धरला तर सव्वा कोटी होतात, अधिभार वेगळा. ते आजही वाचवता येतात. सव्वा कोटीत जवळपास सातशे बायकांचा वर्षभराचा हप्ता भागतो.

(दृश्य : फोर्ट. मुंबई उच्च न्यायालयाची दगडी इमारत. वकिलांची ये-जा.)

इथे एक खटला चालला होता. २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसन एस्सार या मुंबईतल्या मोबाईल कंपनीचा ताबा घेतला, सुमारे ११ अब्ज डॉलरला. ग्राहक इथले, टॉवर इथले, धंदा इथला. पण विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. आयकर विभागाचं म्हणणं होतं, की पैसे देणाऱ्याने कर कापून भरायला हवा होता. मागणी सुमारे ११ हजार कोटींची.

या वादाच्या मुळाशी टीडीएस आहे. पगारदाराचा जो दर महिन्याला हातात पगार पडण्याआधीच कापला जातो, तोच टीडीएस.

सप्टेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विभागाची बाजू उचलून धरली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली, व्यवहार कायदेशीर ठरवला. मग सरकारने पूर्वलक्षी कायदा आणला. जगभर ओरड झाली, की आज नियम करून कालच्या व्यवहारावर कर लावणं अन्याय आहे. ओरड बरोबर होती, तो कायदा वाईटच होता. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ती तरतूद मागे घेतली.

२००७ ते २०२१. चौदा वर्षं दोन्ही बाजूंचे सर्वोत्तम वकील, प्रत्येक टप्प्यावर सुनावणी, प्रत्येक शब्दाचा कीस. असंच व्हायला हवं. वादातली रक्कम किती होती? लाडकी बहीणच्या थांबवलेल्या २६ लाख ३४ हजार हप्त्यांचे महिन्याला साधारण ३९५ कोटी होतात. त्या हिशेबाने ११ हजार कोटी म्हणजे या सगळ्यांचे २७ महिन्यांहून अधिक काळाचे हप्ते. तिथे एका कंपनीला चौदा वर्षं मिळाली. इथे एका बाईला हप्ता बंद झाल्याचं कळलं ते बँकेचा मेसेज आला नाही म्हणून.

१९८५ मध्ये मॅकडॉवेल कंपनीच्या करखटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी कर टाळण्याच्या परिणामांची यादीच दिली होती. सरकारी महसूल बुडतो हा त्यातला एक. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो : चलाख माणसं आपला भार टाळतात, तेव्हा तो साध्या, सरळ नागरिकांच्या खांद्यावर जातो. नंतरच्या निकालांनी या भूमिकेला बरीच मुरड घातली. माझ्या मते रेड्डींचं म्हणणं आजही खरं आहे.

(दृश्य : विरार लोकल. खिडकीशी उभा चाकरमानी.)

कारण ‘आमच्या टॅक्सच्या पैशावर’ असं जो माणूस रागाने म्हणतो, तोच तो सरळ नागरिक. त्याला कुठे पळायला जागा नाही. फॉर्म १६ मध्ये सगळं छापून येतं. त्याच्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर ३० टक्के. शेअर बाजारातल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर आज साडेबारा टक्के, आणि २००४ ते २०१८ या काळात शून्य. संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला, कारण त्यातून वर्षाला जेमतेम हजार कोटी यायचे आणि वसुलीचा व्याप मोठा. मलबार हिल असलेल्या देशात संपत्ती करातून फक्त हजार कोटी का यायचे, या प्रश्नावर तेव्हा फार कुणी चर्चा केली नाही. वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेवरचा कर तर १९८५ मध्येच गेला. एक बंगला तिसऱ्या पिढीकडे जातो तेव्हा सरकारला त्यातून वारसा कर म्हणून एक रुपया मिळत नाही.

विरारच्या त्या माणसाला मी परका मानत नाही. त्याचा राग खरा आहे, फक्त त्याला एकच दिशा दाखवली जाते. आणि जिच्याकडे बोट दाखवलं जातं, तीही कर भरते. सप्टेंबर २०२५ पर्यंत तिच्या साबणावर, टूथपेस्टवर, डोक्याच्या तेलावर १८ टक्के जीएसटी होता, टॉवरमधल्या माणसाला होता तेवढाच. आता ५ आहे. पण भरतात दोघंही सारखंच.

(दृश्य : गोवंडी. सायबर कॅफे. ई-केवायसीची रांग.)

सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्यांना ई-केवायसी सक्तीची झाली. दोन महिन्यांची मुदत. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी येणार.

‘मावशी, मिस्टरांचा आधार नंबर सांगा. त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईल.’

‘ते नाहीत रे बाळा. कोविडात गेले.’

‘मग वडिलांचा?’

‘वडील मी शाळेत असताना गेले. तेव्हा कुठे होतं आधार?’

पोरगा स्क्रीनकडे बघत राहतो. त्या चौकटीत काहीतरी भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मागची बाई म्हणते, उद्या ये, वेबसाइट सुधारेल. पुढे सरकारने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि विधवा, घटस्फोटित बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत, अशी सोय केली. पण योजनेच्या निकषांतच विधवा आणि परित्यक्ता यांचा पहिल्या दिवसापासून उल्लेख होता. फॉर्म बनवताना त्या कुणालाच आठवल्या नाहीत.

(दृश्य : अंगणवाडीची भिंत. रिकामा सूचना फलक.)

पडताळणी करूच नका, असं या फिल्ममध्ये कुणीही म्हणत नाही. पुरुषांकडून वसुली करा, पगारदार कर्मचाऱ्यांवर कारवाई करा. पण हप्ता थांबवण्याआधी बाईला लेखी नोटीस द्या, कारण लिहा, तीस दिवस द्या, तिचं म्हणणं ऐका. आयकराच्या वाढीव मागणीची नोटीस आली तर करदात्याला उत्तर द्यायची संधी मिळते, अपील करता येतं. तीच पद्धत वॉर्ड पातळीवर आणा. रेशनची ५९,००० ची मर्यादा मुंबईच्या मजुरीशी जोडा. केंद्रीय अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे किती महसूल सोडला याचं विवरण दरवर्षी छापलं जातं. ते मराठीत आणा, आणि ज्या दिवशी अपात्र बहिणींची संख्या जाहीर होते त्याच दिवशी, त्याच पत्रकार परिषदेत वाचून दाखवा.