आतलं देणं

नमस्कार. फिलिपिन्समध्ये, राजधानी मनिलाच्या दक्षिणेला, लागुना प्रांतात लॉस बान्योस नावाचं गाव आहे. तिथे १९६० सालापासून आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्था आहे. आपले एम. एस. स्वामीनाथन १९८२ ते १९८८ तिचे महासंचालक होते. शेतीशास्त्रातली बरीच भारतीय मंडळी तिथे राहून आली आहेत. त्याच निमित्ताने आमचाही दोन वर्षं तिथे मुक्काम पडला. नवरा सकाळीच भाताच्या वाफ्यांकडे जायचा आणि मी तागालोग, म्हणजे तिथली भाषा, शिकायला बसायची. खरी शाळा मात्र गल्लीच्या तोंडाशी होती. ते एक दुकान होतं.

सारी-सारी म्हणतात अशा दुकानाला. सारी-सारी म्हणजे हरतऱ्हेचं. घराच्याच पुढच्या खोलीला लोखंडी जाळी, आणि जाळीत हात जाईल एवढी खिडकी. वर शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबतायत. सिगरेट एक मिळते, लसणाच्या चार पाकळ्या मिळतात, तेल प्लास्टिकच्या बोटभर पिशवीत गाठ मारून मिळतं. या सुट्ट्या विक्रीला 'तिंगी' म्हणतात. रोजच्या कमाईवर रोजचं जेवण शिजतं तिथे अख्खी बाटली घेणार कोण? जाळीला एक पाटी होती: 'बावाल आंग उतांग न्गायोन, बुकास पुवेदे.' आज उधारी बंद, उद्या चालेल. 'आज रोख, उद्या उधार' वाचत लहानाची मोठी झालेली मी तिथेच हसत सुटले. आणि पाटीच्या बरोबर खाली, खिळ्याला सुतळीने बांधलेली उधारीची वही. पाटी आहे म्हणून वही बंद पडलीय असं आपल्याकडे तरी कुठे होतं!

दुकानवाल्या बाईंना सगळे 'आते' म्हणायचे. आपली आते नव्हे, तिथे आते म्हणजे ताई. त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तू बुम्बाय का?" मी म्हटलं, नाही, पुण्याची. त्यांना ते काही पटलं नाही. तिथे भारतीय माणूस मूळचा कुठलाही असो, तो बुम्बाय. प्रत्यक्षात ही मंडळी बहुतेक पंजाबी आणि सिंधी. त्यातले काही मोटारसायकलवरून बाजारात फिरून गाळेवाल्यांना कर्ज देतात आणि रोज हप्ता गोळा करतात. त्या धंद्याचं नाव 'फाइव्ह-सिक्स': पाच घ्या, सहा परत करा. बँक ज्यांना दारात उभं करत नाही त्यांना हाच आधार, आणि हाच फास. रडणाऱ्या पोराला आई सांगते, गप्प बस, नाहीतर बुम्बाय पोत्यात घालून नेईल. मोठ्या कांद्यालाही ते 'सिबुयास बुम्बाय' म्हणतात. म्हणजे सावकार, बागुलबुवा आणि कांदा, तिन्ही आपल्या मुंबईच्या नावावर. मुंबईकरांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं.

तर 'उतांग' म्हणजे उधारी, कर्ज. पण आज बोलायचंय ते दुसऱ्या उतांगाबद्दल. 'उतांग ना लोओब'. लोओब म्हणजे आत, आतली बाजू. घराचंही लोओब असतं आणि माणसाचंही. तेव्हा शब्दशः 'आतलं देणं'. अडीनडीला कुणी धावून आलं, कुणी शिक्षणाचा खर्च उचलला, कुणी नोकरीला चिकटवलं, की हे देणं लागतं. वहीत ते कुणी मांडत नाही, विसरत मात्र कुणीच नाही.

इथे एक भाषेतली गंमत बघा. मराठीत आपण कर्ज फेडतो, नवस फेडतो, उपकार फेडतो आणि आईबापांचे पांगही फेडतो. सगळ्याला एकच क्रियापद. आपला हिशेब कधीतरी मिटणार, निदान मिटावा, अशी आपली धारणा. तागालोगमध्ये पैशाचं उतांग चुकतं करतात, पण आतलं देणं सहसा 'तानाव' करतात. तानाव म्हणजे लांबून पाहणं, टेकडीवरून आपलं गाव दिसावं तसं. देणं नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढंच. फिटण्याची अट त्यात नाही. आणि ज्याने नजर फिरवली तो 'वालांग उतांग ना लोओब', आतल्या देण्याची जाण नसलेला. आपण कृतघ्न म्हणतो, पण कृतघ्न हा पुस्तकी शब्द झाला. तिथे हे वाक्य भर जेवणात आईने मुलाला म्हटलं तर ताटावरची सगळी माणसं गप्प होतात.

अभ्यासकांत यावरून बराच वाद आहे. अमेरिकी पठडीतल्या समाजशास्त्राने याला देवाणघेवाणीचा व्यवहार ठरवलं. १९७० च्या दशकात फिलिपिन्स विद्यापीठातल्या व्हिर्हिलियो एन्रिकेस या मानसशास्त्रज्ञांनी ते उलटवलं. त्यांचं म्हणणं, मुळाशी 'काप्वा' आहे, म्हणजे समोरचा आणि मी वेगळे नाही ही जाणीव. उतांग ना लोओब हे त्या जाणिवेतून येणारं बांधलेपण आहे, कर्जखातं नव्हे. मला एन्रिकेस पटतात. पण मराठीत आपल्याकडे 'मिंधा' असाही एक शब्द आहे, आणि तो मनातून जात नाही.

आतेंची धाकटी बहीण आखातात घरकामाला होती. तिच्या पैशांवर आतेंचा मुलगा कॉलेजात. दरवर्षी ख्रिसमसच्या आधी बहिणीकडून खोका यायचा, माणूस बसेल एवढा. 'बालिकबायान बॉक्स', मायदेशी परतणाऱ्याचा खोका. मी तो उघडताना पाहिलाय: साबण, टॉवेल, चॉकलेट, डबाबंद मांस, आणि प्रत्येक पुडक्यावर मार्करने एकेकाचं नाव. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याची पेटी आठवली मला. फरक इतकाच, की इथे खोका येतो, माणूस येत नाही. मुलाला समाजशास्त्र शिकायचं होतं. मावशीची इच्छा नर्सिंग. तो नर्सिंगला गेला. कुणी जबरदस्ती केली नाही हो, कुणी आवाजसुद्धा चढवला नाही.

माणसं बाहेर पाठवणं हे तिथलं सरकारी धोरण आहे, १९७४ च्या कामगार संहितेपासूनचं. तेव्हाचे हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीतली ती तात्पुरती सोय होती, ती कायमची झाली. २०२३ साली परदेशातल्या फिलिपिनोंनी ३३ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवली. सरकार त्यांना 'बागोंग बायानी' म्हणतं, नवे वीर. आपल्याकडच्या ज्या मुलांनी जहाजावर नोकरी केलीय त्यांना हे वीर चांगले माहीत आहेत. डेकवरही तेच आणि भटारखान्यातही तेच.

हेच आतलं देणं राजकारणात शिरलं की त्याची चव बदलते. लग्नात वधूवरांना 'निनोंग' आणि 'निनांग' असतात, धर्मपिता आणि धर्ममाता, आणि त्यांची रांग लांबलचक असते. त्या रांगेत महापौर हटकून. मयताच्या घरी जागरणाला नगरसेवक येतो, पाकीट ठेवतो. कधी शवपेटीचा खर्चही त्याचाच. रुग्णवाहिकेवर त्याचा चेहरा, बसथांब्यावर त्याचं नाव. अशा पुढेपुढे करणाऱ्यांना लोक 'एपाल' म्हणून हिणवतात आणि निवडणुकीत मत त्यालाच देतात. मत विकलं असं त्यांना वाटत नाही, तानाव केलं असं वाटतं. १९८७ च्या राज्यघटनेने राजकीय घराणेशाहीला मनाई केली खरी, पण 'कायद्याने व्याख्या करू तशी' असं शेपूट लावून. व्याख्या करायची काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आणि काँग्रेसमध्ये बसलेले कोण? पुढची तीसहून अधिक वर्षं असा सर्वसाधारण कायदा झालाच नाही. १९८६ च्या फेब्रुवारीत एड्सा रस्त्यावर उतरून लोकांनी ज्या मार्कोसना घालवलं, त्यांचेच चिरंजीव २०२२ साली तीन कोटींहून जास्त मतं मिळवून राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. समाजमाध्यमांवरच्या खोट्या इतिहासाचा त्यात वाटा आहेच. पण मार्कोसांच्या इलोकोस भागात मी बोलले त्या म्हाताऱ्यांना मोबाइल लागत नव्हता. "रस्ता त्यांनी दिला," एवढंच ते म्हणायचे. सरकारी पैशातून झालेला रस्ता कुणा एकाने 'दिला' असं ऐकलं की मला आपल्याकडची सतराशे साठ उद्घाटनं आठवतात.

आणि त्या राजवटीचं रोख कर्ज? बातान प्रांतात अणुवीज प्रकल्प उभा राहिला, दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्चून. एक युनिट वीज त्याने कधी दिली नाही. त्याचा शेवटचा हप्ता देशाने २००७ साली भरला. तो फेडला, तानाव करून भागलं नाही.

उलट बाजूचं देणंही आहे. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. १९४१ च्या जुलैमध्ये अमेरिकी अध्यक्ष रुझवेल्ट यांनी फिलिपिनो सैन्याला अमेरिकी सेवेत बोलावलं. ती मुलं जपान्यांशी लढली, जपान्यांनी युद्धकैद्यांना पायी हाकलत नेलं त्या बातानच्या मृत्युयात्रेत चालली. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्यांची ती सेवा माजी सैनिकांच्या लाभांपुरती रद्दबातल ठरवली. ६३ वर्षांनी, २००९ साली एकरकमी भरपाई मंजूर झाली: अमेरिकी नागरिक असाल तर १५ हजार डॉलर, नसाल तर ९ हजार. तोवर किती उरले होते?

आता एक चित्र दाखवते. हा तांब्याचा पत्रा, साधारण वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा. लागुनातच, लुम्बान नदीत वाळू काढताना सापडला, १९८० च्या दशकाअखेर. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लिपी कावी, भाषा जुनी मलय. आंतून पोस्त्मा या डच अभ्यासकांनी तो वाचला. सुरुवात ऐका, भाषांतर लागणार नाही: 'स्वस्ति. शकवर्षातीत ८२२, वैशाख मास...' पुढे कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे २१ एप्रिल ९००. आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य, आणि त्यांच्या ताम्रपटांतही काळ शकवर्षातच मोजलेला असतो.

फिलिपिन्समध्ये सापडलेला हा सर्वांत जुना तारखेचा लेख. पण यात राजाची स्तुती नाही, देवाला गाव दिल्याची नोंद नाही. ही कर्जमुक्तीची पावती आहे. नामवरान नावाच्या माणसाचं एक काती आणि आठ सुवर्ण एवढं देणं, जवळजवळ किलोभर सोनं, माफ झालं. त्याची मुलं, आंकातान ही बाई आणि तिचा भाऊ बुका, मोकळी झाली. मुलांची नावं का घातली? कारण कर्ज वारशाने उतरायचं. स्पॅनिश आले तेव्हाही ते उतरतच होतं. प्लासेन्सिया या पाद्र्याने १५८९ साली 'आलिपिन' वर्गाबद्दल लिहून ठेवलंय. या दास म्हणवणाऱ्या माणसांतले कितीतरी कर्जापायी दास झालेले होते.

शेवटच्या ओळीकडे बघा. तिथे म्हटलंय, पुढे कधी कुणी असं म्हणाला, की हे देणं अजून फिटलेलं नाही, तर... आणि पत्रा तिथेच संपतो. पुढचा पत्रा अजून सापडलेला नाही.